दिव्याची सरळ ज्योत

अंबाजोगाईत रेवणसिद्धच्या लेझर कटिंगच्या दुकानात नवरात्राचा अखंड दिवा तेवत होता. मशीन सुरू झालं की ज्योत तिकडे झुकायची. "देवीचा दिवा मशीनला का म्हून वाकतो वो?" जगदेवीनं नवऱ्याला विचारलं. "धूर ओढणारा पंखा ज्योतीलाबी ओढतो." "मग इझंल की! अपशकून व्हईल." दुसऱ्या दिवशी तो अ‍ॅक्रिलिकची पाटी कापायला लावून चहाला गेला. जगदेवी तेल घालायला वाकली. मशीन चालू असूनही ज्योत सरळ उभी होती. हिला ओढणारा पंखा कुठं गेला? तिनं वळून पाहिलं. मशीनच्या काचेआड कोंडलेल्या धुरात पाटी पेटली होती. तिनं मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं, झाकण उघडून माठाभोवतीचं ओलं पोतं आगीवर टाकलं. "दिवा इझू नये म्हणून पंखा मीच बंद केलता," परतलेला रेवणसिद्ध पुटपुटला. जगदेवीनं दिव्याला हात जोडले आणि धूर काढायला पंखा लावला.