सरांच्या सहीचं पत्र

एमएच्या प्रवेशासाठी पूर्वी शिकवलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागणार होतं. अकरा वर्षं बँकेच्या काउंटरवर काढून पुन्हा शिकायला निघालेली ती जुन्या सरांच्या घरी गेली. सर म्हणाले, "मजकूर तूच लिहून आण गं, मी सही करतो. सगळे तसंच करतात."

तिनं तीन कागद फाडले. स्वतःच स्वतःची तारीफ करायला हात धजेना. शेवटी लिहिलं, 'विद्यार्थिनी नियमित आहे. वागणूक चांगली. अक्षर सुवाच्य.' सरांनी न वाचताच झोकात सही ठोकली.

महिन्याभरानं ती मुलाखतीला आत गेली, तर मधल्या खुर्चीवर सरच बसलेले. तिच्या जिवात जीव आला. सरांनी फाइल उघडली, पत्र वाचलं, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून उलटूनही पाहिलं. मग शेजारच्या मॅडमकडे झुकून ते हळूच बोलले, पण तिला ऐकू आलंच.



"मार्क उत्तम आहेत हिचे. पण मी कुणाबद्दल उगाच इतकं कोरडं लिहीत नाही. काहीतरी पाहिलं असणार मी."