चार्जरचा स्क्रू

जालन्याच्या एका कारखान्यातल्या फोर्कलिफ्टच्या चार्जरनं इलेक्ट्रिशियन कल्याणला पार रडकुंडीला आणलं होतं. संध्याकाळी तो व्होल्टेज बराबर लावून जायचा, सकाळी बघावं तर पुन्हा कमी. बॅटरी अर्धीच भरायची आणि भर दुपारी गाडी बसायची. फ्यूज बदलले, वायरी आवळल्या, फरक न्हाई. "आता गाडी थांबली तर उद्यापासून येऊ नको," साहेबांनी सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी त्यानं व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू बराबर लावला आणि कुणी फिरवला तर कळावं म्हणून वरून बायकोच्या नेलपॉलिशचा थेंब सोडला. सकाळी थेंबाला तडा गेल्ता.

तो स्क्रू त्यानं एकाच माणसाला दाखवला होता. फोर्कलिफ्ट चालवणारा, त्याच्याच डब्यात जेवणारा गावचा दोस्त रामप्रसाद.

"तू फिरवून राह्यला का रे?"

"गाडी बसली की दुपारी घडीभर आडवं व्हता येतं," रामप्रसाद तंबाखू मळत म्हणाला.

"आन माझी नोकरी?"

 

"तिला काय व्हतंय? तुझ्यासाठी साहेबाच्या हातापाया पडायला मीच जातो ना रोज."