उजेड वाढवला तर

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "स्फटिकावर उजेड वाढवला, तर त्याची चमक उलट मंद का होते?"

विद्यार्थिनीनं तोंड उघडलं. "सोपं आहे गं, सांग," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. तिनं पुन्हा उघडलं. "एर्बियमपासून सुरुवात कर," सर म्हणाले. तिसऱ्यांदा, "घाबरू नकोस." तिला दरदरून घाम फुटला.

बाईंनी हातानंच सरांना थांबवलं.

"स्फटिकातला एर्बियमचा अणू उजेड पिऊन भरलेला असतो," ती म्हणाली. "तो बाहेर टाकणार, तेवढ्यात वरून आणखी पडतो. तोही गिळतो आणि नुसता तापतो. चमकायचं राहूनच जातं."

"उदाहरण देऊन सांग की," सर म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "उदाहरण मघाशीच झालं, सर."