अक्रोडाचा दस्ता

"या चापात वाळू आहे," मेरेआना म्हणाली आणि तिने रायफल भावाच्या मांडीवर ठेवली.

"वाळू नाही गं ताई. बंदूकच स्वस्तातली आहे, म्हणून चाप खरखरतो," तिपेने म्हणाला.

"मग बदल तो. तू 'आता' म्हणतोस आणि गोळी सुटेपर्यंत माझा अख्खा श्वास निघून जातो. तेवढ्यात जनावर पाऊलभर सरकतं."

गेल्या हंगामात तसंच झालं होतं. गोळी हरणाच्या पोटात लागली. बहीणभाऊ दिवसभर रानात त्याच्या मागावर होते. सापडलं तेव्हा ते जिवंत होतं. तिपेनेने सुरी चालवून त्याला यातनेतून सोडवलं. मेरेआनाने त्याच्या मानेवर हात ठेवला, तो मान गार पडेपर्यंत काढला नाही. बंदूक धड होईपर्यंत डोंगर चढणार नाही, असं तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

नवा चाप गावातल्या रॉसने बसवला. म्हातारा जन्मभर बंदुका दुरुस्त करत आलेला.

"गाढवावर जरीची झूल घालताय," तो म्हणाला. बंदुकीवरची दुर्बीण वर आणि जरा डावीकडे सरकवून बसवायची म्हटल्यावर तो हसला. "एका बंदुकीला दोन डोकी लावणार की काय?"

"तू बसव तर खरं, काका," तिपेने म्हणाला.

दस्त्याचं काम घरीच झालं. जुना प्लास्टिकचा दस्ता घट्ट धरला की वाकून नळीला टेकायचा आणि गोळी भलतीकडे जायची. मागच्या वादळात अंगणातला अक्रोड पडला होता. तिपेनेने त्याच्या वाळल्या लाकडातून दस्ता तासला आणि घासायला बहिणीकडे दिला. ती रोज ओसरीवर बसून घासायची. मध्येच गाल टेकवून बघायची, पुन्हा घासायची.

"इथे उंचवटा आहे," एकदा ती म्हणाली.

"काही नाही तिथे."

"पट्टी लाव."

त्याने पट्टी लावली. खालून उजेडाची केसाएवढी रेघ आली.

"तुला डोळे कशाला दिलेत रे देवाने?" मेरेआना म्हणाली.

सगळं जोडून झाल्यावर तिने रिकाम्या रायफलीचा चाप ओढला. पुन्हा ओढला. पिकलेलं फिजोआचं फळ फांदीवरून आपसूक सुटावं, तसा तो सुटत होता.

एप्रिलमध्ये हरणांचे नर माद्यांसाठी हंबरू लागले. दोघं पहाटे निघाले. धुकं इतकं होतं की हातभर पुढचं दिसेना. मेरेआना भावाच्या पाठपिशवीचा पट्टा धरून चढत होती. ओढ्यापाशी तिनेच त्याला थांबवलं.

"वरच्या पठारावर नर आहे. म्हातारा आहे."

तिपेनेला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ते पठाराच्या कडेला पालथे झाले. मेरेआनाने दस्ता खांद्यात घेतला. तिपेने तिच्या गालाला गाल लावून पडला आणि त्याने दुर्बिणीला डोळा लावला. धुकं हळूहळू फाटलं आणि नर पुढे आला. मान वर करून तो हंबरला. तो आवाज खालच्या मातीतून, अक्रोडाच्या लाकडातून त्यांच्या बरगड्यांत शिरला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. शिंगं अशी पसरली होती की मागचं झाड कुठे सुरू होतं ते कळेना.

तिपेने नुसता बघत राहिला.

"बोल की रे," ती कुजबुजली.

"थांब, ताई. असा मी जन्मात पाहिला नाही."

ती थांबली. तिने घाई केली नाही.

"डावीकडे," शेवटी तो म्हणाला. "केसभर. खाली. बस. आता."

शब्द संपायच्या आत गोळी सुटली. नर जागच्या जागी गुडघ्यांवर आला आणि कुशीवर पडला. एक पाऊलही पुढे गेला नाही.

ते जवळ गेले. मेरेआना त्याच्या डोक्याशी बसली आणि तिने पूर्वजांची प्रार्थना म्हटली. तिपेनेने टोपी काढली. मग तिने शिंगांवरून हात फिरवला, बुंध्यापासून थेट टोकांपर्यंत, एकेक फांदी सावकाश. तिथून मानेच्या दाट आयाळीत बोटं घातली. तिचे गाल ओले झाले होते.

"तिपेने," ती म्हणाली, "रंग कसा आहे रे याचा?"