पाठमोरा

"हलू नगंस," चंद्राबाई म्हणाली. "खाज सुटली तर सुटू दे."

फुला माजघरात घोंगडीवर उताणी पडली होती. हात अंगासरशी सरळ, डोळे मिटलेले. बाहेर दुपारचं ऊन अंगणभर सांडलं होतं. भाताची कापणी उरकायला सारा गाव खाचरात गेला होता. घरात सासू-सून दोघीच. गेली तीन वर्षं दोघीच.

"आत्याबाई, पायावर मुंगी चढलीया."

"मुंगी न्हाई ती. आपलंच अंग फसवतंय. मालकीण झोपली का जागी, ते बघाय अंग असल्या खोड्या काढतं. तू वळखच दाखवू नगंस."

ही विद्या चंद्राबाईच्या मावशीची, सखूबाईची. तिची पोर देवीच्या साथीत गेली. तेव्हापासून सखूबाई दुपारची आडवी व्हायची, जागेपणीच सपनात उतरायची आणि पोरीची वेणी घालून माघारी यायची. अंग निजवायचं, मन जागं ठेवायचं. मन पेंगू नये म्हणून आतल्या आत जात्यावरची ओवी म्हणत राहायचं. चंद्राबाईनं स्वतः पुष्कळ खटपट केली, पण दमेकरी बाई ती. पाठ टेकली की खोकल्याची उबळ यायची. शेवटी तिनं सुनेला शिकवायला घेतलं आणि तिच्या वाटचं पाणी, शेण, दळण सगळं आपल्या अंगावर घेतलं.

कारण दिवस थोडे उरले होते.

मानसिंग तिचा एकुलता एक लेक. लग्नाला चार महिने झाले नव्हते, तोच भोरला जाऊन पलटणीत भरती झाला आणि बोटीनं लढाईवर गेला. दीड वर्षानं सरकारी कागद आला. बेपत्ता. जिता म्हणावं तर पत्र नाही, मेला म्हणावं तर कुणी पाहिला नाही. भावकीनं वाट पाहिली आणि आता ठरवलं की येत्या अवसेला दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे सुनेचं कुंकू पुसलं जाणार. आणि लेक कुठं जिता असला तर आईनं आपल्या हातानं त्याला जाळलं असं होणार.

"अवसेच्या आत त्यालाच इचारून सांगते," ती भावकीतल्या सोनबाला म्हणाली होती.

"वयनी, सपनात टपाल हापीस उगडलंय व्हय?" सोनबा हसला होता.

अवस उद्यावर आली होती.

पहिले पंधरा दिवस फुलानं खाजवलं, आवंढे गिळले, कूस बदलली. मग हातपाय जड पडू लागले, कानात भुंगे घुमू लागले. एकदा ती किंचाळत उठली. "कुणीतरी छातीवर बसलं, आत्याबाई!"

"बसू दे. ते दारावरचं राखण हाय. भ्यालीस की माघारी धाडतं, न्हाई भ्यालीस की उठून वाट देतं."

तेही तिनं सोसलं. अडलं ते नावापाशी. सपनात माणूस पाठमोरा उभा असतो, नाव घेऊन हाळी दिली तरच वळतो, असं सखूबाई सांगायची.

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ?" फुला म्हणाली होती.

"लग्नात घेतलंस की उखाण्यात!"

"उखाण्यात बाकीच्या शबुदांत लपून जातंय ते."

"मग आता उघडं घे. म्हण, मानसिंग."

फुलाचे ओठ उघडले आणि मिटले. चंद्राबाईला हसू आलं. माहेर कामथडीचं, पोर शिस्तीच्या घरातली. लाज मोडायला नवरा घरात राहिला कुठं?

आणि परवा दुपारी फुला घामानं डबडबून उठली होती. "करंजापातुर गेले."

"आपल्या येशीवरचा करंज! तितनंच गेला गं तो. दिसला?"

"पाठमोरं व्हतं कुणी."

"मग हाळी का न्हाई दिलीस?"

"जीभच उचलंना." एवढंच बोलून फुला चुलीकडं गेली होती.

"आज इचारायचंच," चंद्राबाई आता तिच्या उशाशी सरकली. "जिता हाईस का, येवढंच."

"आनि न्हाई म्हनले तर?"

चंद्राबाईनं पदर सारखा केला. "तर म्या ऐकंन. पर त्याच्या तोंडून ऐकंन."

मग ती हलक्या आवाजात ओवी म्हणू लागली, सुनेला आतून धरायला.

*करवंद पिकली, जाळीत काळी काळी बाई*
*लेक माजा दूरदेशी, वेचायाला कुणी न्हाई*

फुलाची बोटं दोनदा थरथरली आणि निवली. श्वास लांबला. वरच्या ओठावर माशी बसली, तरी चेहरा हलला नाही. चंद्राबाईनं पदरानं माशी उडवली. तेवढ्यात तिच्याच छातीत उबळ दाटून आली. आता खोकलं की पोर जागी होणार. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी वाहिलं, बरगड्या दुखल्या, पण आवाज फुटू दिला नाही.

फुलाच्या कपाळावर घाम आला. पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली. छाती दबली, बराच वेळ दबून राहिली आणि मग सुटली. तोंडावर हसू उमटलं. असं हसू चंद्राबाईनं या पोरीच्या तोंडावर तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

पोचली.

म्हातारीनं तोंडातला बोळा काढला आणि सुनेच्या ओठांशी कान नेला. "घे गं बाय," ती पुटपुटली. "आज लाजू नगंस. घे नाव."

"गेनबा," फुला म्हणाली. या घरात, भावकीत त्या नावाचं कुणी नव्हतं; जीभ मात्र कुठंच अडखळली नाही. "अरं गेनबा, म्या आलीया. वळ की आता."