तेविसापासून पुढे

"बाबा, हिला सातनं भाग जातो."

लेकीनं फोन टेबलावर ठेवला. फिटरनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनवर त्याचा भरवसा नव्हता. तसा तो कशावरच नव्हता. दुकानदाराचा काटा असो की डॉक्टरचा थर्मामीटर, जन्म कारखान्यात सुटे भाग मापून बसवण्यात काढलेला हा माणूस सगळं स्वतः मोजून बघायचा.

त्यानं पाटी ओढली. १५०३२३८५५२९. पाच वर्षं रोज लिहिलेली संख्या. सातनं भागायला घेतलं. खाली शून्य उरलं. पुन्हा भागलं. पुन्हा शून्य.

ही संख्या बायकोनं त्याच्यापुढे टाकली होती. ती शाळेत गणित शिकवायची. हिला कशानं भाग जातो ते शोधून दाखवा, म्हणाली, लावा पैज. शेवटी नऊ, म्हणून दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज त्रेचाळीस, म्हणून तीन बाद.

"विसाच्या आतले सगळे मी पाहिलेत, एकही जात नाही. तुम्ही तेविसापासून लागा," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी ती पुढची एक मूळ संख्या भाजक म्हणून सांगायची आणि समोर शेंगा सोलत बसायची. तो भागायचा. बाकी उरायचीच. उद्या बघू, म्हणत ती पाटी पुसायची. चौदा हजारांपर्यंत पोचले होते. तिला जाऊन महिना झाला होता, म्हणून आज पुढचा भाजक त्यानं लेकीला विचारला, तर तिनं अख्खी संख्याच फोनमध्ये घातली.

सात! शाळकरी पोरानं काढला असता. बायकोला दिसला नाही? चुकली म्हणावं, तर हिशेबात ती कधी चुकली नव्हती. म्हणजे ठाऊक होतं. म्हणजे समोर बसून गालातल्या गालात हसत होती. जगात एकाच माणसाचा शब्द त्यानं तपासून घेतला नव्हता, आणि त्याच माणसानं बनवलं. मग आणखी कशाकशात बनवलं असेल? शेवटी शेवटी, दुखत नाही म्हणायची. तेही?

"सात सोडला तर हिला भागणारं लहान काही नाहीच," लेक फोनकडे बघत म्हणाली. "आईनं मुद्दाम शोधून काढली असणार. तुम्ही जन्मभर भागत बसला असता."

तो उठला. पायात चपला सरकवल्या. घर खायला उठलं होतं.

लेक दारात आडवी आली नाही. जागेवरूनच तिनं विचारलं, "बाबा, ही पैज लागायच्या आधी संध्याकाळी तुम्ही कुठं असायचात?"

त्याचा हात कडीवरच राहिला. गुत्त्यात. रोज. कुणीतरी धरून आणून दारात टाकेपर्यंत.

त्यानं कडी सोडली. मग त्यानं चपला काढल्या, पाटीसमोर येऊन बसला आणि शून्य पुसलं.

"पुढचा सांग."

"आता कशाला? सातनं गेली ना."

"विसाच्या आतले तिच्याकडे आहेत," तो म्हणाला. "माझे तेविसापासून पुढे."