पाण्यात डोळ्यांचं काय काम

"काका, डोळे उघडा की," आशा तिसऱ्यांदा म्हणाली.

हिरामण छातीएवढ्या समुद्रात उभा होता. पाठीवर हवेची टाकी, अंगात काळा रबरी पोशाख, आणि मास्कच्या काचेआड डोळे गच्च मिटलेले. त्याने तोंडातली नळी काढली.

"पाण्यात डोळ्यांचं काय काम? हात हायेत ना."

आशा मूळची मालवणची. अंदमानातल्या या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये ती दहा वर्षं पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवत होती. पाण्याला घाबरणारे तिने ढिगाने पाहिले होते. पण हा चांदवडकडचा म्हातारा घाबरत नव्हता. श्वास असा जपून घेत होता, की एक टाकी त्याला संध्याकाळपर्यंत पुरली असती. तरी पाण्याखाली गेला की डोळे बंद. आशाने हात टेकले.

तिला बिचारीला काय माहीत. चांदवडकडच्या विहिरींच्या तळाशी स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, इतका गाळ. हिरामणने चाळीस वर्षं त्या विहिरींत बुड्या मारल्या. कुणाची मोटर काढली, कुणाची कळशी, एकदा तर सरपंचाचं घड्याळ. आणि माणसं काढली. कुणी पाय घसरून पडलेलं, कुणी उडी घेतलेलं. पोलीस आले की आधी हिरामणला बोलावणं जायचं. तो डोळे मिटून तळाशी चाचपडत राही. हाताला हात लागला, की मनगट धरून वर आणी. डोळे मिटायचं एक कारण गाळ होता. दुसरं तो कुणाला सांगत नसे.

त्या हातांनी त्याने लेकीला कधी धरलं नाही. वैष्णवी झाली तेव्हा बायकोने बाळ पुढे केलं, तर गड्याने हात पाठीमागे नेले. शाळेत सोडायला तो रोज जाई, पण पोरीने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून चालायचं. कन्यादानाला चुलता बसला. "माझे हात नको," एवढंच तो म्हणाला. गावाला वाटलं, विक्षिप्त आहे. वैष्णवीला वाटलं, मीच नकोशी आहे. ती नाशिकला शिक्षिका झाली, तिला मूल झालं, तरी ते दुखणं तिच्या मनातून गेलं नाही.

आई गेल्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत तिने वडिलांना इथे आणलं. दोन दिवस हिरामण नारळाखाली समुद्राकडे पाठ करून बसला. जेवायला हाक मारली की उठायचा, पुन्हा तिथेच. आज सकाळी वैष्णवी पोशाख चढवून निघाली आणि तो नारळाखालून उठला.

"एकटी जाते खाली?"

"आशाताई आहेत ना, अण्णा."

"मी येतो संगं."

बुडालेली माणसं वर काढणाऱ्या बापाला लेक पाण्यात उतरताना काठावर बसवेना. साधी गोष्ट होती. वैष्णवीने त्याच्यासाठीही पोशाख मागवला.

शेवटी आशाने डोळ्यांचा नाद सोडला आणि बाकीच्या पर्यटकांबरोबर दोघांना होडीतून खोल पाण्याकडे नेलं. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक, मध्ये ती. तिघं हळूहळू तळाशी गेली. भोवती पिवळ्या-निळ्या माशांचे थवे फिरत होते. हिरामणला त्यातलं काही दिसलं नाही. तो सवयीने हात पुढे करून चाचपडत होता.

मासे वैष्णवीनेही पाहिले नाहीत. ती ते चाचपडणारे हात पाहत होती. हे हात विहिरीत काय शोधायचे आणि तिच्यापासून दूर का राहायचे, ते तिला आज पहिल्यांदा समजलं. पुढे सरकून तिने आपला हात त्यांच्या वाटेत धरला.

हाताला हात लागला. हिरामणचं अंग ताठ झालं. बुडबुडे थांबले. पुढचं सगळं त्याच्या हाताला पाठ होतं. त्याने मनगट धरलं. तेवढ्यात पाच बोटं वळली आणि त्याच्या हाताला घट्ट बिलगली.

हिरामणने डोळे उघडले.

होडीत बाकीचे पर्यटक माशांचे रंग सांगत होते. हिरामणचे गाल ओले होते, आणि ते समुद्राचं पाणी म्हणून खपून गेलं असतं. वैष्णवी मात्र उघड उघड रडत होती. टाक्या उतरवायला आशा आली, तर दोघांचे हात अजून एकमेकांत.

"काका, वर आलोय आपण," ती हसून म्हणाली. "आता हात सोडलात तरी चालेल."

"ऱ्हाऊ द्या, ताई," हिरामण म्हणाला. "पाण्यात आजवर मीच हात धरीत आलो. आज पयल्यांदा हातानं मला धरलं."